नसलेला वास

ऐक ना, फक्त ऐक, मध्ये बोलू नकोस, आणि तोंड असं करू नकोस, अजून मी काही सांगितलंच नाहीये. मंगळवारी मी एक बिस्किट थुंकून टाकलं. झालं, एवढंच झालं. आता तू म्हणशील त्यात काय, तू तर रोजच थुंकतेस, त्याचाच पगार घेतेस. तू आणि माझा दादा, तुम्हा दोघांना मिळून हा एकच विनोद येतो. बरोबर आहे, थुंकणं माझं कामच आहे. सकाळी अकराला आणि दुपारी तीनला लाल दिव्याखाली बसायचं, तुकडा चावायचा, जिभेवर फिरवायचा, नाकातून हळूच श्वास सोडायचा, कागदावर आकडा लिहायचा आणि बाजूच्या स्टीलच्या पेल्यात थुंकायचं. गिळायचं नाही, कारण दहा नमुने गिळले की अकराव्याला जीभ मेलेली असते. पण मंगळवारी मी चावलंच नव्हतं गं. तोंडात गेलं, जिभेला नुसतं टेकलं आणि घसा आतून बंद झाला, दुकानाचं शटर कुणीतरी खाडकन ओढावं तसा. डोळ्यांत पाणी आलं, आणि मी पेला तोंडाला लावला. खोलीत आठ माणसं बसली होती, आणि कुणाला काहीही कळलं नाही. कळणार कसं, सगळेच थुंकत होते. कुणी हातानं मोडून दिलेला घास त्याच्यासमोर थुंकला तरी शिस्तीत बसतं अशी दुसरी खोली कुठे असेल? मी पेला खाली ठेवला, ओठ पुसले, आणि जिनं तो तुकडा मोडून दिला होता तिच्याकडे बघून हसले. तीही हसली. तिला वाटलं मी तिला धीर देतेय.

थांब, असं कळणार नाही तुला, आमची खोली आधी सांगते. आमच्या कामाचा सगळा जीव यात आहे की जिभेला काही कळू द्यायचं नाही. म्हणून दिवा लाल, कारण करपलेलं बिस्किट दिसलं की माणूस आधीच ठरवतो. म्हणून नमुन्यांना एक दोन तीन म्हणायचं नाही, एक म्हटलं की लोकांना तोच पहिला नंबर वाटतो. सातशे बारा, तीनशे एकोणनव्वद असे कशाचेच नसलेले आकडे द्यायचे. म्हणून दोन खुर्च्यांमध्ये फळी, कारण शेजारच्यानं नाक मुरडलं की तुझंही बिस्किट कडू होतं. आमचे सर, त्यांना आम्ही मागून नाकाडे म्हणतो, खरं आडनाव वेगळं आहे, पण त्यांचं नाक खोलीत त्यांच्याआधी शिरतं, तर ते दर नव्या माणसाला एक गोष्ट सांगतात. एकच बिस्किट त्यांनी दोन पुड्यांत घालून चाळीस जणांना दिलं, एक पुडा साधा, एक सोनेरी. एकतीस जण म्हणाले सोनेरीत लोणी जास्त आहे. सर हे सांगताना टेबलावर हात आपटून हसतात. म्हणतात, माणूस डोळ्यांनी खातो, कानांनी खातो, शेजाऱ्याच्या तोंडानं खातो, जिभेचा नंबर शेवटी लागतो. आम्हीही हसायचो. त्या एकतीस बावळटांना हसायचो. मला तर ते एकतीस जण दिसायचेसुद्धा, माना डोलावणारे, ओठांना चुरा लागलेले, आणि मी त्यांच्यात नाही याचं काय बरं वाटायचं.

आता मावशी. मावशी म्हणजे आमच्या मजल्याची साफसफाई करते ती. तिला सगळे मावशी म्हणतात, मी पण. आणि वयानं ती माझ्याहून फार तर सहा-सात वर्षांनी मोठी असेल. माझ्या सख्ख्या मावशीच्या ताटातलं मी विचारल्याशिवाय उचलून खाते, तिच्या कुशीत झोपते. आणि या मावशीला तीन वर्षं रोज हाक मारत होते, पण ती माझ्या टेबलाजवळ फडकं घेऊन आली की मी कप उचलून हातात धरायची. नकळत म्हणते मी, पण हात माझाच ना. तर एका दुपारी आम्ही कागद भरून बाहेर आलो, ती कचऱ्याचा डबा रिकामा करत होती. उरलेले नमुने त्याच डब्यात जातात, पिशवीवर आकड्याची चिठ्ठी असते. ती सरांना अगदी सहज म्हणाली, "आज सातशे बाराला काय झालंय हो? लोणी शिळं लागलंय का? जुन्या वहीसारखा वास येतोय." सर जागच्या जागी थांबले. कारण सातशे बारामध्ये खरंच महिनाभर बाहेर ठेवलेलं लोणी होतं, मुद्दाम, आमची परीक्षा म्हणून, आणि आठ जणांतल्या दोघांनाच ते पकडता आलं होतं. त्या दोघांत मी नव्हते. आणि तिनं ते चाखलंही नव्हतं, डब्याचं झाकण उघडताना कळलं होतं तिला. जुनी वही. मी त्या रात्री घरी जाऊन कॉलेजची वही हुंगली. अगदी तोच वास गं. आम्ही कागदावर लिहिणार 'स्निग्ध पदार्थाचा किंचित खवटपणा'.

सर तर लहान मुलासारखे हरखले. म्हणाले, बघा, नाकाला शिक्षण लागत नाही, आपली एक खुर्ची रिकामी आहे, हिची रीतसर चाचणी घेऊ. चाचणी म्हणजे समोर तीन तुकडे ठेवायचे, दोन एका घाण्याचे, एक वेगळा, वेगळा कुठला ते सांगायचं. असे बारा खेळ. आठ बरोबर आले की पास. मी लागले तेव्हा माझे नऊ आले होते आणि आईनं ते सगळ्या बिल्डिंगला सांगितलं होतं. मावशीचे अकरा आले. आणि तिनं मला जिन्यात गाठून काय विचारलं असेल? "मॅडम, एक चुकलं ते कुठलं हो? मला दिवसभर तेच खातंय." तिला या नोकरीची गरज किती होती ते तुला सांगायला हवं, नाहीतर तुला वाटेल हौसच होती. साफसफाईचं कंत्राट या महिन्याअखेर संपतंय, नवी कंपनी स्वतःची माणसं आणणार, तिच्याबरोबरच्या दोघींना आधीच सांगून टाकलं होतं की नका येऊ. खुर्ची मिळाली तर ती राहणार, कायमची, आमच्यासारखी. नाही मिळाली तर तीस तारखेला बादली ठेवून घरी. ती म्हणाली, "घरी सांगून बसलेय मी, बसून करायचं काम आहे म्हणून. सासूला पटतच नाही. म्हणते, बिस्किटं खायचा कुणी पगार देतं होय? तुला काहीतरी फसवतायत." आणि हसली. मी पण हसले. म्हटलं, सासूला एक दिवस घेऊन या इथे.

आणि हे मुद्दाम ऐक, कारण मला माझी बाजू मांडायची नाहीये पण हेही खरंच झालं होतं. सोमवारी मी तिच्यासाठी भांडले. आमच्यात एक वकीलबाई आहे, वकील नाही, ती बिस्किटांबद्दलही कोर्टात उभी राहिल्यासारखी बोलते म्हणून हे नाव, ती चहाच्या वेळी म्हणाली, "माझं काहीच म्हणणं नाही हं, माझ्या घरची बाई माझ्याच कपातून चहा पिते. माझा प्रश्न शास्त्रीय आहे. दिवसभर बादली, फडकं, संडास, नाक थकत नसेल का?" मी म्हटलं थकलेल्या नाकानं अकरा काढले, आपली न थकलेली किती काढतात? सगळे हसले. मग ती आवाज खाली आणून म्हणाली, "अगं, पण जोडीचं काय? एका बिस्किटाचे दोन तुकडे. तिलाच अवघड होईल गं, मी तिचाच विचार करतेय." तर ती जोडी अशी असते: एकाच घाण्यातली दोन बिस्किटंसुद्धा सारखी नसतात, कडेचं वेगळं, मधलं वेगळं. म्हणून रोज सुरुवातीला शेजारच्या दोघांनी एकच बिस्किट मोडून खायचं, एकानं हातानं मोडायचं, अर्धं दुसऱ्याला द्यायचं, आणि दोघांचे आकडे जुळतात का बघायचं. तेवढ्यापुरता दिवा पांढरा असतो आणि मधली फळी काढलेली असते. मी वकीलबाईला म्हटलं, आपण कुठल्या काळात राहतो, माझ्या शेजारी बसवा तिला, मला काही अवघड होणार नाही. असं म्हटलं की छातीत कसं ऊबदार वाटतं माहितीये तुला? घरी जाताना अख्खा रस्ता मी ते वाक्य मनात परत परत म्हणत होते, दरवेळी जरा अजून चांगलं. तिला बिनवासाच्या साबणाची वडीसुद्धा मीच नेऊन दिली, आमच्या कपाटातली. म्हटलं उद्या यानं अंघोळ करा, केसांना काही लावू नका. ती मान हलवत होती आणि मला मी फार आवडत होते.

मंगळवारी ती आली. ठेवणीतला ड्रेस, बाह्यांवर इस्त्रीच्या रेघा, केस साध्या रबरानं मागे आवळलेले, नखं इतकी बारीक कापलेली की बोटांची टोकं लाल झाली होती. माझ्या शेजारच्या खुर्चीवर अगदी कडेला बसली, खुर्ची कुणीतरी परत मागेल अशी. सरांनी ताटली मध्ये सरकवली, म्हणाले, आज तुम्ही मोडा. तिनं बिस्किट दोन्ही हातांत धरलं, अंगठे मध्यावर ठेवले, आणि कट्. तुकडे सारखे नाही झाले. मोठा होता तो तिनं मला दिला. मी तिचा अंगठा बघितला. वर्षानुवर्षं पाण्यात राहून त्याची कातडी पांढरट, बारीक बारीक सुरकुतलेली, जशी आपली समुद्रातून बाहेर आल्यावर होते, फक्त तिची कायमची. त्या सुरकुत्यांत बिस्किटाचा चुरा बसला होता. तिसरी काही गोष्ट तिथे नव्हती गं, अंगठा आणि चुरा. पण माझ्या डोळ्यांपुढे आमच्या मजल्यावरचा संडास आला, पांढऱ्या फरशीवरचा पिवळा डाग, ब्रश, त्या ब्रशाचे वाकलेले केस, त्यातून निथळणारं पाणी, आणि तोच अंगठा ब्रशाच्या दांड्यावर. हे सगळं एका क्षणात. आणि माझं तोंड उघडलं, कारण सगळे बघत होते, सोमवारची मी बघत होते, आणि तुकडा आत गेला. पुढचं तुला सांगितलंय. ते चित्र जिभेवर आलं. बिस्किट नाही, चित्र. ओलं, कोमट. आणि किळस म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं, किळस तुला विचारतच नाही काही, ती तुझ्याआधी पोचलेली असते.

मग फॉर्म. जोडी झाली की दोघांनीही एकमेकांचा एक छोटा फॉर्म भरायचा, रोजचाच, आम्ही न वाचता भरतो. शेजाऱ्याच्या अंगाला, केसांना, कपड्यांना वास: आहे, नाही. नव्या माणसाच्या बाबतीत मात्र तोच फॉर्म शेवटचा. अंगाला वास येणारा माणूस पॅनलवर, म्हणजे आम्हा चाखणाऱ्यांत, चालत नाही, कारण तो बाकी सगळ्यांचं नाक बिघडवतो. तो नियम आहे आणि नियम चांगला आहे. मी पेन उचललं तर सर मागून आले. माझ्याकडे वाकून बघितलं, माझे डोळे अजून ओले होते. हळूच म्हणाले, "काय गं, काही जाणवलं का?" आता बघ, मी 'नाही' म्हणू शकत होते. पण मग मी का थुंकले? माझ्या घशानं जे केलं त्याला काहीतरी कारण असणारच ना, माझा घसा उगाच असं करणारा घसा नाही, मी चांगली माणूस आहे, काल भांडलेय मी. म्हणजे वास असणार. मी 'आहे'वर खूण केली. पेन किती सहज चाललं. सर हं म्हणाले, आणि त्यांच्या त्या हं मध्ये, मी शपथेवर सांगते, सुटल्यासारखं काहीतरी होतं. समोर वकीलबाईनं माझ्या कागदाकडे बघितलं आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. तो हात मला अजून पाठीवर जाणवतो, गोगलगाय फिरून गेल्यासारखा.

घरी आले, दोनदा दात घासले. जीभ खरवडली. आरशात बघत चूळ भरली आणि बेसिनमध्ये थुंकले, आणि ते पांढरं फेसाळ पाणी गोल फिरत जाळीतून खाली जाताना बघत असताना मला आठवलं, आमचे ते स्टीलचे पेले. आमच्या आठ जणांच्या थुंकीचे, दोन वेळचे सोळा पेले, चघळलेलं पीठ तळाशी बसलेलं, वर लाळेचा तवंग. ते कोण धुतं? तीन वर्षं माझी थुंकी तिच्या हातांवरून वाहतेय. तिचा अंगठा कशानं सुरकुतला असेल असं वाटतं तुला? संडासानं जेवढा, तेवढाच माझ्यानं. आणि तिनं तोच हात धुऊन, नखं कापून, मला मोठा तुकडा दिला, आणि शिसारी मला आली. मी बेसिन धरून उभी राहिले. आईनं बाहेरून विचारलं, काय गं, पित्त झालं का? मी म्हटलं हो.

बुधवारी ती मला पेल्यांच्या मोरीपाशी भेटली. साध्या ड्रेसमध्ये, हातात आमचेच पेले. सरांनी तिला सकाळी सांगितलं होतं, फार गोड बोलून, की नाक उत्तम आहे पण नियम आहे. तिनं नळ बंद केला, हात पुसले. मला वाटलं रडेल, किंवा भांडेल, मी दोन्हीची तयारी केली होती. ती म्हणाली, "मॅडम, कसला वास येतो तेवढं सांगा. म्हणजे मी तो घालवते." विचार कर. ती माझ्यावर रागावली नव्हती, तिला माहिती हवी होती, चाचणीत चुकलेलं एक कुठलं हे विचारलं तशी. आणि वास ओळखून त्याला नाव देणं हा तर माझा धंदा. मी म्हटलं, "फिनेलचा." लगेच म्हटलं. ती म्हणाली, "फिनेल इथं नाहीच की. तीन वर्षं झाली. तुम्हीच बंद करायला लावलंत, पहिल्याच महिन्यात, नाकाला त्रास होतो म्हणून अर्ज दिला होता तुम्ही. तेव्हापासून ते बिनवासाचं निळं पाणी येतं." मला अर्ज आठवला. माझं अक्षरही आठवलं. तर तिनं, अगं तिनं मला मदत केली. म्हणाली, "मग घामाचा असेल का? मला भीती वाटत होती ना, घाम आला असेल." मी म्हटलं, "हो, घामाचा असेल." ती माझ्याकडे नीट बघायला लागली, पहिल्यांदाच. "असेल नाही मॅडम. सरांनी मला शिकवलंय, असेल म्हणायचं नाही. आहे नाहीतर नाही." आणि तिनं बाही वर केली आणि मनगट माझ्या नाकासमोर धरलं. "आत्ता घ्या. आत्ता तर काम करून घामेजलेय. आहे?" मागे नळ ठिबकत होता. मी वास घेतला. पाण्याचा वास होता, स्टीलचा, त्याखाली पिठाचा, आमचाच. बाकी काही नाही. कोरं मनगट. आणि मी म्हणाले, "आहे."

आणि यातलं सगळ्यात घाण आता सांगते. मी म्हणाले आणि आला. खरंच आला गं वास. नसलेला वास मला आला, नाकाच्या मुळाशी, गोडसर, आंबूस, बंद डब्यातल्यासारखा. आणि तो मी ओळखला, तो घामाचा नव्हता, तो केकचा होता. आम्ही लहानपणी राहायचो त्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एक काकू होत्या, त्यांचे यजमान गटाराचं काम करायचे, झाकण उघडून आत उतरायचं काम. काकू फार छान केक करायच्या आणि प्रत्येक वेळी आम्हाला एक वडीएवढा तुकडा पाठवायच्या, ताटलीवर रुमाल टाकून. आई दारात म्हणायची, अय्या, कशाला एवढं. दार लावलं की तो तुकडा सालींच्या खाली, केराच्या डब्यात. मी विचारलं का, तर म्हणाली, वास येतो त्याला. तोंडावर काही राग नाही, काही नाही, नुसतं नाक जरासं वर गोळा झालं. मी तेव्हा सहा-सात वर्षांची. पहिल्यांदा मी डब्यातून काढून हुंगला, लोणी आणि साखर, बाकी काही नाही, एक कोपरा खाल्लाही. दुसऱ्यांदा हुंगला तेव्हा मला खात्री नव्हती. तिसऱ्यांदा रुमाल उचलायच्या आधीच मी म्हटलं, आई, वास येतोय. आणि आई काय खूश झाली माहितीये, मला जवळ घेतलं, बाबांना सांगितलं, हिचं नाक बघा किती तिखट आहे. तिथून मी घराचं नाक झाले. दूध नासलंय का, विचारा हिला. त्याच नाकावर मी नोकरी मिळवली, त्याचेच नऊ आले. मला आजपर्यंत वाटत होतं हे नाक मी जन्माला येताना आणलंय. आईचा मला रागसुद्धा येत नाही, तिला कदाचित खरंच यायचा वास, तिच्या आईनं हुंगायला शिकवलेला. पण मी मोरीपाशी उभी, मावशीचं मनगट अजून नाकासमोर, आणि मला माझ्याच तोंडाची, नाकाची, त्या आतल्या ओल्या पोकळीची अशी घाण वाटली की ते उपटून त्या पेल्यात टाकावं. मावशीनं बाही खाली केली. म्हणाली, "बरं." मग पेले परत नळाखाली धरले आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमचा फॉर्म मी भरला होता काल. सोमवारी केस धुतलेत ना तुम्ही, सफरचंदाचा शाम्पू आहे. पूर्ण वेळ येत होता. मी 'नाही' लिहिलं. म्हटलं, उगाच कशाला तुम्हाला."

काल मी सरांकडे गेले. गेले गं, तेवढं तरी केलं. म्हटलं, तो फॉर्म मला परत द्या, मी चुकीची खूण केलीय. सरांनी दार लावून घेतलं. रागावले नाहीत, उलट खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाले, "खोडून सही कर, काही अडचण नाही. पण खाली कारण लिहावं लागेल. काय लिहिशील? नसलेला वास मला आला? मग मला सांग, नसलेला वास येणारं माणूस मी पॅनलवर ठेवू का? तुझे तीन वर्षांचे आकडे मी कुठल्या तोंडानं पुढे पाठवू? की असं लिहिशील, वास नव्हता हे मला माहीत होतं आणि तरी लिहिलं? त्यालाही एकच उत्तर आहे." मग त्या मोठ्या नाकावर चष्मा वर सरकवून म्हणाले, "एका खुर्चीचा प्रश्न आहे, बाळ. तिची तरी, नाहीतर तुझी तरी. मी जबरदस्ती करत नाही. उद्या दहापर्यंत दे." बाळ म्हणाले मला. सोनेरी पुड्याची गोष्ट सांगणारा हा माणूस, त्याला सगळं कळलं होतं, मंगळवारीच कळलं होतं, तो मागून वाकला तेव्हाच. आणि माझ्या एका खुणेनं त्याची सुटका केली होती, सगळ्या आठ जणांची केली होती, आता कुणालाच काही म्हणायची गरज नव्हती, नियमानंच म्हटलं होतं.

फॉर्म घेऊन मी घरी आले. जेवणाच्या टेबलावर ठेवला, पेन काढलं. 'कारण' या शब्दापुढे तीन रेघा आहेत, रिकाम्या. मी पहिल्या रेघेवर 'मला' एवढं लिहिलं. पुढे काय लिहायचं ते मला येत होतं, शब्द मला येतात, शब्द माझ्याकडे ढीगभर आहेत. आई पलीकडे टीव्ही बघत होती. मी माझ्या पगाराचा विचार केला, खोटं कशाला बोलू, मग सगळ्यांना काय सांगणार याचा, आणि सगळ्यात जास्त वकीलबाईच्या चेहऱ्याचा. मग 'मला' खोडलं. आज सकाळी पावणेदहाला मी तो फॉर्म सरांच्या टेबलावर ठेवला, खूण होती तशीच. त्यांनी न बघता खणात टाकला. अकराला मी लाल दिव्याखाली बसले आणि माझं नाक किती सुंदर चाललं गं, सहा नमुने, सहाही अचूक, एकात मीठ चिमूटभर जास्त होतं तेही मी पकडलं. सर म्हणाले शाब्बास. मी पेला मोरीपाशी नेऊन ठेवला, तर तिथे ती होती. म्हणाली, "ठेवा मॅडम, मी घेते." नेहमीसारखंच म्हणाली. आणि माझा पेला, आतल्या सगळ्यासकट, हातात घेतला. तीस तारखेला अजून अकरा दिवस आहेत. फॉर्म खणात आहे, वर गेलेला नाही, सर सत्तावीसला सगळे एकदम पाठवतात, म्हणजे अजून मागता येतो.

तू मघापासून काही बोलली नाहीस. मीच सांगितलं होतं म्हणा, बोलू नकोस म्हणून. आता बोल. पण लगेच नको, लगेच जे तोंडात येईल ते नकोय मला, ते माझ्याकडे सोमवारपासून पडलंय. जरा थांबून सांग. त्या तीन रेघा तुझ्यासमोर असत्या, पेन हातात, आई पलीकडे बसलेली, आणि खुर्ची एकच, तर तू काय केलं असतंस?